नवा डबा, जुनी छत्री

पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळत होत्या.

"धुळाजीबाबा, कितीबी डोळे फाडा, त्यात आता काय दिसायचं न्हाई," राधाकिशन म्हणाला. "चॅनलवाल्यांनी आजपासून डिजिटल केलंय. हा जुना रिसिव्हर म्हंजे बहिऱ्यापुढं कीर्तन."

धुळाजीनं तरी नजर हलवली नाही. धारूरच्या बाजारातल्या या केबलच्या टपरीत, याच पडद्यावर, कालच्या रविवारी सकाळी त्याला आपला लेक दिसला होता. कुठल्या तरी लांबच्या गावचा सप्ताह दाखवायला सुरुवात झाली होती. बुवांच्या मागं टाळकऱ्यांची रांग आणि रांगेत उजवीकडून तिसरा बिभीषण. चित्र धूसर होतं. दिसला म्हणेपर्यंत दृश्य बदललं. आज सून शिवकन्येला दाखवायला घेऊन आला, तर ह्या मुंग्या.

"माझीच नजर लागली, मामा," ती पायरीवरून पुटपुटली.

"येडी का काय तू! नजर लागून कुठं डबे बिघडत्यात?"

बारा वर्षांमागं बिभीषण गळ्यात टाळ अडकवून 'सप्त्याला जाऊन येतो' म्हणून निघाला, तो गेलाच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धुळाजीनं आळंदीपासून नांदेडपर्यंत मठ पालथे घातले. आता बारा वर्षं भरत आली होती. बारा वर्षं बेपत्ता माणूस मेला असं धरतात, म्हणून येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, असं भावकीनं ठरवलं होतं. शिवकन्येचा भाऊ धर्मराज त्यासाठीच आष्टीहून येऊन बसला होता.

"आमच्याकडं एक मास्तर हाय, बाबा. बायको वारलीय. भला माणूस," त्यानं त्या संध्याकाळी ओसरीवर सांगितलं. "हिची सगळी हकिगत त्याला ठाव हाय. पर नवरा जित्ता असलेली बाई कोण करून घेईल? एकदा विधी उरकू द्या."

"जित्त्या लेकाला अग्नी देऊ व्हय रं?" धुळाजी कडाडला. "येत्या रविवारी काल्याचं कीर्तन हाय. मला बघू दे. दिसला तर विधी न्हाई."

"आन् दिसला तर माझ्या बहिणीनं काय करायचं?"

उत्तर आतून, चुलीपासून आलं. "दिसले तर मी जन्मभर वाट बघीन, दादा."

दुसऱ्या दिवसापासून धुळाजी राधाकिशनच्या मागं लागला. राधाकिशन केजचा; टपरी टाकून त्याला दोनच वर्षं झाली होती. गावाला सिनेमे पुरेसे होते, कीर्तनासाठी नवा डबा आणायची त्याला काही निकड नव्हती.

"बाबा, तुमी माणूस हाय का इंजिन? मागनं नुसतं ढकलताय."

"आमा वारकऱ्यांचा धंदाच हाय तो. इतकं मागं लागल्यावर देवसुद्धा वळून बघतो, तू कोण लागून गेलास?"

गुरुवारी दोघं एसटीनं बीडला गेले. येताना धुळाजीनं तो नवा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. नव्या मूर्तीसारखा धरून आणला. जोडला, तर पडदा काळा. मुंग्यासुद्धा नाहीत.

राधाकिशननं पत्र्यावर चढून डिशची छत्री बघितली. "छत्री चालंल, बाबा. तिच्या तोंडापुढचा, सिग्नल झेलणारा एलएनबी म्हातारा झालाय. जागेवर ठरंना. जुन्या डब्याला तेवढं हललेलं चालायचं, ह्याला न्हाई चालत. ह्याचं रोकठोक हाय. दिसलं तर आरशावानी, न्हाई तर अंधार."

नव्या एलएनबीसाठी शनिवारी पुन्हा बीड. रविवारी उजाडता राधाकिशन वर, धुळाजी खाली. "आलं का?" "न्हाई." "आता?" "न्हाई रं." "आता?"

धुळाजी पडद्याजवळ सरकला.

बुवांच्या फेट्याची घडी न घडी दिसत होती. अबीर दिसत होता. मृदंगावरची शाई दिसत होती. शिवकन्या आली होती. पण पायरीवर पाठ करून उभी. "तुमीच बघा, मामा. मी बघितलं की जातंय."

विठ्ठलनामाचा गजर चढला. टाळकरी लवले, उठले, पावलं टाकू लागले. आणि उजवीकडून तिसरा, डोळे मिटून, मान जराशी डावीकडं टाकून, लहानपणी देवळात उभा राहायचा अगदी तसा बिभीषण. कानशिलावरचे केस पिकले होते. चेहऱ्यावर असं सुख, की धुळाजीचे हात आपसूक जोडले गेले. *पांडुरंगा, माझं लेकरू जित्तं हाय.*

मग काला झाला. हंडी फुटली, लाह्या-दही उडालं. गजर चालूच होता. त्यातच गावकऱ्यांनी टाळकऱ्यांचे सत्कार सुरू केले. काल्याच्या रीतीप्रमाणं जोडीनं, शाल-नारळ आणि खण देऊन. पहिलं जोडपं आलं, दुसरं आलं. तिसऱ्या खेपेला बिभीषण पुढं झाला. त्याच्या मागून डोईवर पदर सावरत, हातभर हिरव्या बांगड्यांची एक बाई आली. तिच्या ओटीत नारळ पडला. एक सात-आठ वर्षांची पोरगी पळत येऊन बिभीषणच्या धोतराला बिलगली. त्यानं तिला उचललं, आपल्या तोंडातला काला तिला भरवला आणि तिघंही हसली.

सगळं आरशासारखं दिसत होतं.

राधाकिशन पत्र्यावरून उतरून हात पुसत आत आला. "काय बाबा, कसं हाय चित्र?"

"लई स्वच्छ," धुळाजी म्हणाला. "बंद कर."

तो बाहेर पायरीवर आला. शिवकन्या तशीच उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. एकतिसाव्या वर्षीच तिच्या केसात रुपेरी तारा दिसत होत्या. धुळाजीला त्या आजच दिसल्या.

"मामा?" तिनं मागं न वळता विचारलं. "हायेत ना ते?"

धुळाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"न्हाई, पोरी. ह्यो कुणा दुसऱ्याचाच लेक हाय. धर्मराजला सांग, तयारी कर म्हणावं. बुधवारी मी अग्नी देतो."