श्वासबाईचा फोन

“आली का तुमची श्वासबाई?” फोन वाजताच पलंगावरून बायकोनं विचारलं.

म्हाताऱ्यानं फोन उचलला. कमी ऐकू येतं असं सांगून तो स्पीकर लावायचा आणि फोन खोलीच्या मधोमध, स्टुलावर ठेवायचा.

“काका, हा आठवडा कसा गेला?” समुपदेशक मुलीनं विचारलं.

“दम लागला की वाटतं, आता संपलं सगळं.”

“संपतं ते ताटातलं,” बायको म्हणाली. “तेही सगळ्यांच्या आधी.”

फुप्फुसांचा आजार जुना होता, बरा होणारा नव्हता. भीतीनं दम वाढतो आणि दमानं भीती, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती आवरली नाही तर पुन्हा दवाखान्यात भरती, आणि या खेपेला घरी परत येण्याची खात्री नाही. म्हणून दर आठवड्याला हा फोन.

बायकोला तो फोन डोळ्यांसमोर नको असे. फोनवरून श्वास शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्यात पोरगी दूधखुळी आणि नवरा मुलखाचा भित्रा. बायकोची वाक्यं तोकडी असत, पण प्रत्येकाला धार असे.

“नाकानं आत घ्या, काका. आता शीळ घालताना करतो तसे ओठ करा आणि सावकाश सोडा.”

म्हातारा मोठ्यानं श्वास घेऊ लागला.

“लोहाराचा भाता नुसता,” बायको म्हणाली. “दम काय तुम्हालाच लागतो? आम्ही नाही बाई गळे काढत.”

“भीती वाटली तर वाटू द्या,” मुलगी सांगत होती. “ती येते तशी जाते.”

“ही कधी जाते ते विचारा.”

म्हातारा श्वास घेत राहिला, सोडत राहिला. बायकोनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मग बराच वेळ एकही टोमणा आला नाही.

फोन संपल्यावर त्यानं पिशवी उचलली. “दूध घेऊन येतो.”

“या. वाटेत मरू नका.”

जिना उतरून तो कोपऱ्यावर आला आणि त्यानं त्याच मुलीला पुन्हा फोन लावला. या वेळी स्पीकर नव्हता.

“बोला काका. घेतला का आज काकूंनी श्वास आपल्याबरोबर?”

“घेतला,” तो म्हणाला. “मला बोलायची थांबली, तेव्हाच ओळखलं. आज तिचा ऑक्सिजन वाढवावा नाही लागला.”