डाव्या तळहातावर

वीरप्पांनी डोळे मिटले आणि ओठ नुसते हलवत ठेवले. डाव्या तळहातावर गळ्यातल्या डबीतून काढलेलं इष्टलिंग, त्यावर भस्म, बेलाचं पान. सगळं कसं रीतसर. मनात मात्र काही म्हणजे काही नव्हतं.

नऊ वर्षं हेच चाललं होतं. एकुलत्या एका लेकाला, उमाशंकरला उमरग्याजवळ हमरस्त्यावर ट्रकनं उडवलं आणि वीरप्पांपुरता देव त्या दुपारीच संपला. त्यांची बायको रुद्रम्मा तिथंच रस्त्यावर बसली होती. तिला धरून मुरुम गावातल्या घरी आणलं, तरी तिची आवळलेली मूठ सुटली नव्हती.

वीरप्पा पूजा सोडणारच होते. पण नवऱ्याची लिंगपूजा झाल्याशिवाय रुद्रम्मा घास घेत नसे. त्या बाईला उपाशी मारायचं कसं? म्हणून रोज सकाळी दोघं आपापलं लिंग घेऊन पूजेला बसत. आपला कोरडा चेहरा तिला दिसू नये म्हणून वीरप्पा तिच्याकडं पाठ करत.

आता तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. तरी उशीला टेकून ती पूजा करायचीच.

त्या सकाळी वीरप्पांना राहवलं नाही.

"रुद्रा, मन नसताना केलेली पूजा पोचती का गं?"

"हातानं तर होती न्हवं? पोचती."

"आन् आपला उमा? भेटंल का तिथं?"

रुद्रम्मानं गळ्यातली डबी मुठीत धरली. "भेटंल की. तुमालाबी भेटंल. न्हाय तर इतकी वर्सं रोज हातावर काय घेऊन बसले म्या?"

वीरप्पांना रडू फुटलं. एवढी खात्री! ही बाई उगीच कशाला बोलेल? दुसऱ्या दिवशी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मनापासून लिंगापुढं डोकं टेकवलं. लेक भेटणार होता.

गुरुवारी ती गेली. रीतीप्रमाणे तिला समाधीत बसवलं. विधी करणारे जंगम स्वामी म्हणाले, "वीरप्पा, त्यांचं लिंग काढा. डाव्या हातावर ठिवा."

तिच्या गळ्यातली चांदीची डबी वीरप्पांनी आजवर कधी उघडली नव्हती. दुसऱ्याच्या लिंगाला कोण हात लावतं? त्यांनी झाकण काढलं, आतलं पांढरं फडकं सोडलं.

आत हमरस्त्यावरच्या खडीचा एक तुकडा होता, डांबर लागलेला.