डाव्या चाकाचा आवाज

"गाडी नाही वाजत, तुमचे कान वाजतायत," मिस्त्री गॅरेजच्या खड्ड्यातून वर न बघताच म्हणाला.

नर्सरीवाल्याचं डोकं फिरलं. पंधरा वर्षांची त्याची पिकअप खड्ड्यावर उभी होती आणि महिन्यातली ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा मिस्त्रीने पुढचे बुश बदलले. दुसऱ्यांदा दोन्ही शॉकअप. गाडी होती तशीच किंचाळत होती.

"माझे कान?" तो म्हणाला. "अहो, मी गल्लीत शिरलो की आधी कुत्री उठतात, मग गिऱ्हाइकं. काल एका बाईने कुंड्या परत पाठवल्या. म्हणाली, गाडी अशी, तर झाडं कशी असतील."

हातातली चावी त्याने बॉनेटवर आपटली, पुढच्या बंपरवर चढला आणि दणादण उड्या मारल्या. प्रत्येक उडीला गाडी कुईंऽक करून ओरडली. पत्र्यावर खिळा ओढावा तशी. समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला.

"बघा," मिस्त्री खालून म्हणाला. "आहे का कुठे काही?"

न्हाव्याने नर्सरीवाल्याकडे बघितलं.

स्पेअरच्या काउंटरमागे मिस्त्रीची बायको वॉशर निवडत बसली होती. तिचा हात थांबला. पंचवीस वर्षं ती या माणसाला ओळखत होती. खोटं बोलताना तो हात पुसायचा. फडका नसला तर पँटला पुसायचा. आत्ता त्याचे हात गाडीवर गप्प टेकलेले होते.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

तिला भीती वाटायला हवी होती, पण आला तो राग. कानशिलं तापली. वर्षभर हा माणूस तिला सांगत होता, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस, नीट बोल. आणि तीही येडी, ओरडून बोलायला लागली होती. पोरगी म्हणायची, आई, तू सारखी भांडतेस काय गं.

नर्सरीवाल्याने चावी उचलली. "नेतो मी दुसरीकडे. आणि विचारेल त्याला सांगतो, या गॅरेजात आता काही राम राहिला नाही."

चौकातून येणारी गाडी नुसती ऐकून तिचं दुखणं सांगणारा मिस्त्री. लोक त्यासाठीच यायचे, लांबून यायचे. हे बाहेर गेलं असतं तर आठवड्यात शेडला कुलूप.

"थांबा भाऊ," ती काउंटरमागून बाहेर आली. "मिस्त्री आता हाताने बघतील. चढा परत बंपरवर आणि मी सांगेपर्यंत उड्या मारा."

"वहिनी, मी काय माकड आहे?"

"पाच मिनिटं व्हा."

चपला काढून ती खड्ड्यात उतरली.

"तू कशाला आलीस?" मिस्त्री म्हणाला. तिने त्याचं मनगट धरलं आणि पंजा उजव्या चाकामागच्या सांध्यावर ठेवला. वर उडी पडली.

"लागतंय काही?"

"काय?"

तिने त्याच्या कानाला तोंड लावलं. "हाताला. लागतंय?"

"नाही."

मग डावं चाक. वरचा सांधा, काही नाही. खालच्या सांध्यावर हात ठेवला, वर उडी पडली, आणि त्याची बोटं आपोआप आवळली.

"खरखरतंय," तो म्हणाला. "आत वाळू भरल्यासारखं."

"किंचाळतंय पण तिथूनच. कधीपासून हे?"

"ग्रीस गेलं असेल, दोन-तीन महिने..."

"गाडीचं नाही विचारत."

वर गाडी हलत होती.

"बारीक आवाज तेवढे येत नाहीत," तो शेवटी म्हणाला. "बाकी सगळं येतं."

"माझा आवाज बारीक आहे?"

"हळू बोल. तो ऐकेल."

"ऐकू दे. कुणाला तरी येऊ दे ऐकायला."

"वहिनी, अजून मारू उड्या?" वरून नर्सरीवाला धापा टाकत होता.

आता काही गरज नव्हती. "मारा," ती म्हणाली.

गाडी मागे घेतली, जॅक लावला, डावं चाक काढलं. खालच्या सांध्याची म्हणजे बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली होती. आत ग्रीसचा थेंब नाही, नुसता गंजाचा लाल चिखल. मिस्त्रीने जुना ठोकून काढला, नवा बसवला, नट आवळला, पिन घालून तिची टोकं वाकवली. हात एकदाही अडखळला नाही. ते बघून तिला जास्तच राग आला. असे हात असताना हा माणूस वर्षभर ऐकू येत असल्याचं नाटक करत होता.

नर्सरीवाला फेरी मारायला निघाला. "आता वाजली ना, मिस्त्री, तर गाडी इथेच सोडून जाईन. तुम्हीच विका झाडं."

दोघं शेडच्या दारात उभे राहिले. गाडी गतिरोधकावर चढली, तिचं नाक खाली गेलं, वर आलं, आणि हूं की चूं न करता पुढे गेली.

मिस्त्री गाडीकडे बघतच नव्हता. तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

"वाजली का?"

ती रस्त्याकडे बघत राहिली.

"सांग ना. वाजली?"

ती त्याच्या कानाशी गेली.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे चला," ती म्हणाली. "तिथून आलात की सांगते."