अणदूरच्या जत्रेतली मावशी

पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाच्या शिपायांनी तमाशाच्या कनातीला वेढा घातला, तेव्हा मावशी अजून बोलतच होती.

"माझी म्हस काल व्यायली. तर अमीन दारात हजर! म्हणतो, रेडकाची इजाजत काढली व्हती का? म्या म्हटलं, न्हाय बा. तर म्हणतो, मग घाल माघारी!"

अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेला आलेली माणसं पोट धरून हसली. निजामाच्या राज्यात तेव्हा चार माणसं जमवायलाही परवानगी लागत असे.

लुगडं नेसून, तोंडाला सफेदा फासून उभी राहणारी ही मावशी म्हणजे सिद्धलिंग सोंगाड्या, असं पोरंटोरंही सांगत. मावशीचं काम पुरुषानंच करायचं, ही रीत होती. सरकारची टिंगल करतो म्हणून त्याच्या नावानं वॉरंट निघाल्यापासून मात्र खेळ संपला की सिद्धलिंग कुणाच्या दृष्टीस पडत नसे.

"पकडा!" अमीन ओरडला.

लोक उठले, पण वाट कुणी दिली नाही. म्हातारे तर शिपायांच्या पायांतच बसून राहिले. तेवढ्यात मावशी पडद्याआड गेली.

अमीन मागं पोचला तेव्हा तिथं ढोलकीवाला शिवशरण, मागं सूर धरणारे दोन झीलकरी आणि चुलीपाशी पीठ मळणारी सिद्धलिंगची बायको चन्नम्मा, एवढीच माणसं होती. कोपऱ्यात मावशीचं लुगडं पडलं होतं.

शिपायांनी कनातीतल्या एकेका पुरुषाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. सिद्धलिंग सापडेना.

"दुसरं लुगडं नेसून खेळाला आलेल्या बायकांत घुसला असेल," अमीन मिशीला पीळ देत म्हणाला. "मला बेवकूफ समजतो! दाईला बोलवा."

गावची दाई इरम्मा आली. आडोशाला नेऊन तिनं सगळ्या बायका पाहिल्या. शेवटी चन्नम्मालाही पाहिलं. तिच्याकडं तिला जरा जास्तच वेळ लागला.

"समद्या बायाच हायती, साहेब," ती बाहेर येऊन म्हणाली.

"नीट पाहिलंस?"

"आख्ख्या गावाची बाळंतपणं केली म्या. मला बाई वळखायला शिकवता व्हय?"

लोक पुन्हा हसले. अमीन लालबुंद झाला आणि चन्नम्मासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, नवरा कुठं आहे तुझा?"

"सोलापुरात."

"खोटं! आत्ता इथं बडबडत होता."

"मग मला कशाला इचारता? तुमीच ऐकलं न्हवं त्याला?"

"तुला उचलून नेईन!"

"न्या की. जत्रा बघंल, मरदाला भिऊन बाईला नेली म्हणून."

इथून निसटला तो तिकडंच पळाला असणार, हे अमीनच्या ध्यानात आलं. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. एकदा हद्द ओलांडली की सिद्धलिंग हाती लागणार नव्हता.

"घोडे काढा! हद्दीच्या आत गाठा त्याला!"

धूळ उडवत सगळे सोलापूरच्या रस्त्याला लागले. कनातीत कुणी जागचं हललं नाही. शिवशरणनं ढोलकी पुढं ओढली.

चन्नम्मानं हाताचं पीठ झटकलं. कोपऱ्यातलं लुगडं उचलून नेसली, तोंडाला सफेदा फासला आणि पडदा सारून बाहेर येत, दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या मातीत पुरलेल्या नवऱ्याच्या घोगऱ्या आवाजात गरजली,

"बसा रं समदी! खेळ अजून लई बाकी हाय!"