कुंपणाआतलं स्वप्न

शाळा सुटून अर्धा तास झाला तरी रायना बाकावरून उठली नव्हती. तिच्या कपाळाभोवती पांढरा दोरा होता आणि झग्याच्या गळ्याला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. दोरा बेटाने बांधला होता, चिमटा शाळेने लावला होता.

दोरा म्हणजे पोरगी स्वप्नाच्या शोधात आहे. बारावं लागलं की बेटावरची मुलं रोज पहाटे रानात एकटी जाऊन बसतात आणि स्वप्नात जो माणूस येईल, तो त्यांचा गुरू होतो. स्वप्नात दिसलेल्या माणसाला गुरू व्हायला नाही म्हणायची सोय नसते. आजवर कुणी म्हटलंही नव्हतं, कारण आजवर सगळ्यांना सोयीस्करपणे प्रार्थनाघराचे कारभारी डीकन कफीच दिसत आले होते.

चिमटा म्हणजे पोरगी शाळेच्या आवारात बेटाची बोली बोलली.

"बाई," रायना उभी राहिली, "मला आपणांस एक गोष्ट निवेदन करायची आहे."

मिस ॲल्थिया ग्रँट वह्या तपासत होत्या. हे वाक्य त्यांनीच शिकवलेलं असल्यामुळे त्यांना ते आवडलं. "कर."

"मला स्वप्न पडले. स्वप्नात आपण आला होतात."

बाईंची लेखणी थांबली.

"आगं, आसं सांगत्यात व्हय सपान?" खिडकीतून आवाज आला. "सरकारी कागुद वाचतीस का काय!"

ही रायनाची हेगर मावशी. प्रार्थनाघरात कुणाचं स्वप्न खरं, कुणाचं उपटसुंभ, हे तीच ठरवायची. ती कुंपणाच्या बरोब्बर पलीकडे उभी होती.

"बाई माझ्या, शाळेच्या आवारात ही भाषा चालत नाही," मिस ग्रँट खिडकीशी जाऊन म्हणाल्या.

"म्या आवारात हाय कुटं? म्या रस्त्याव हाय."

भूगोलाच्या दृष्टीने हे बरोबर होतं. मिस ग्रँट परत खुर्चीत येऊन बसल्या.

"हे बघ रायना, मी शहरातून आलेली बाई. तुमच्या चालीरीती मला ठाऊक नाहीत. तू डीकन कफींकडे जा."

"डीकनही दिसले होते, बाई. पण ते झोपले होते."

बाहेर मावशीने 'खरंय, खरंय' अशा अर्थाचा सुस्कारा टाकला.

"उद्या प्रार्थनाघरात मी गुरूबरोबर उभी राहिले नाही," रायना हळूच म्हणाली, "तर माझा दोरा काढून टाकतील. सगळ्या मैत्रिणी आत जातील आणि मी बाहेर पायरीवर बसेन. पुढच्या हिवाळ्यापर्यंत."

मिस ग्रँटनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं. सांग तुझं स्वप्न. नुसतं ऐकून घेते."

"पाणी होते. आपण पाण्यातून..." रायना थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. ओहोटीला चिखलात रुतलेल्या होडीसारखं स्वप्न जागचं हलेना.

"काय झालं?"

"पुढे आपण काही बोललात. स्वप्न जसं पडलं तसंच सांगायचं असतं, शब्द बदलला की परत रानात जावं लागतं. आणि जसं पडलं तसं सांगितलं तर..." तिने चिमट्याला हात लावला. "आणखी एक लागेल."

"मी? मी काय बोलले?"

बाहेर भरती लागली होती. खाडीतलं गवत न वाकता नुसतंच गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं पाण्यात जात होतं. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ स्तब्ध होतं, आणि त्यातून गाळून आलेल्या उजेडाने सगळा वर्ग तळ्याच्या बुडाशी गेल्यासारखा हिरवा झाला होता.

रायनाने डोळे मिटले.

"पानी व्हतं. समदं हिरवं. तुमी चिखलातनं चालत आलासा, आनवानी. डोईवर कालवांची पाटी. अन् मला म्हनलासा, 'पोरी, भात करपाय लागलाय गं. जा, बग जा. म्या हाय हितं.'"

दुसरा चिमटा टेबलाच्या खणात होता. खण उघडला नाही.

"पाटी," मिस ग्रँटनी विचारलं, "हाताने धरली होती का मी?"

"न्हाई. हात मोकळंच व्हतं."

"मंग ती बाई बेटाचीच हाय!" मावशी कुंपणापलीकडून म्हणाली. "शेहरातल्या बायांना धरावी लागतीया."

मिस ग्रँट उठल्या. रायनाजवळ आल्या. तिच्या गळ्याचा चिमटा त्यांनी काढला आणि कुठे ठेवावा ते न सुचल्यासारखा हातात फिरवत राहिल्या. मग त्यांनी तो स्वतःच्या इस्त्रीच्या कॉलरला लावला.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या.

वर्गाच्या दाराशी त्या खाली वाकल्या. काळे पॉलिश केलेले बूट उंबऱ्याच्या आत राहिले. रायना त्यांच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेली.

हेगर मावशीने आधी चिमटा पाहिला. मग पाय पाहिले. मग बेटावर कुणालाही पहिल्या भेटीत विचारतात तो प्रश्न विचारला. गेली अठरा वर्षं हा प्रश्न आपल्याला कुणी विचारणार नाही याची मिस ग्रँटनी पुरेपूर काळजी घेतली होती.

"कुनाची गं तू?"

बाईंनी एकदा मागे शाळेकडे पाहिलं.

"पल्याडच्या बेटावरची. कालववाल्या बिनाबाईची धाकली." त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. "घरात समदी मला कासवी म्हनायची."

मावशी हसली नाही. तिने फक्त फाटकाची कडी काढली.

"मंग चल की, कासवे," ती म्हणाली. "भात करपाय लागलाय."