अस्तरातला खिसा

शिंपीणबाई दुकानात शिरल्या आणि टेप काढून मांडलेले फोन मापायला लागल्या. विक्रेत्याला हसू आवरेना.

"मावशी, फोनला झबलं शिवताय की काय?"

"सगळ्यात छोटा दे बाबा. कोटाच्या अस्तरात बसला पाहिजे. वरून फुगलेलं दिसता कामा नये."

"छोट्यात कॅमेरा यथातथाच असतो."

"कॅमेरा कशाला? आवाज स्वच्छ यायला हवा. आणि आत जागा भरपूर. तासन्‌तास रेकॉर्डिंग चालणार."

"मग किंमत वाढेल."

"वाढू दे. गिऱ्हाईक आहे माझं, बिचारी. नवरा हात उचलतो. तिच्याजवळ फोनसुद्धा ठेवत नाही. आणि जिथे सांगायला जावं, तिथे म्हणतात, पुरावा आणा."

त्याने एक फोन पुढे केला. बाईंनी पिशवीतून हिरवा कोट काढला, अस्तर उलटलं, फोन आत सरकवला. अगदी मापात बसला.

विक्रेत्याची नजर मात्र बटणांवर गेली. कोटाचं तिसरं बटण काळं होतं. स्वतःच्या शर्टाचं काढून त्यानेच ते लावलं होतं, ताईच्या कोटाला.

ताईचा दर रविवारी फोन यायचा. भावजींच्या फोनवरून, स्पीकर लावून.

"मी अगदी मजेत आहे रे."