बॉनेटवरचा हात

महागड्या लाल स्पोर्ट्स कारच्या बॉनेटवरून पेंटर दिगंबर लोहारने यंत्र फिरवलं. आताचे रंग स्पर्शाची ऊब साठवून ठेवत. ती वाचून पुसल्याशिवाय ओरखडे भरता येत नसत. यंत्राच्या पडद्यावर एक पंजा उमटला. हात किती वेळ टेकलेला होता, ते त्याखाली होतं: त्रेचाळीस मिनिटं.

गाडी घाटात झाडावर आदळली, तेव्हा ती चालवणारा निषाद जागच्या जागी गेला, असं त्याच्या आईला सांगितलं होतं. पण तो गाडीतून उतरला होता. बॉनेटला हात टेकून मदतीची वाट पाहत राहिला होता.

आई, मालतीबाई, दारातच उभ्या होत्या.

"त्याचा हात आहे का हो?"

"आहे, ताई. क्षणभर टेकलेला दिसतोय." दिगंबरने आकडा अंगठ्याखाली झाकला.

"मग बाकी सगळं नवं करा. तेवढा हात ठेवा. त्याच्या बहिणीकडे असंच यंत्र आहे, ती रोज बघेल."

हात ठेवला तर बहिणीला आकडाही दिसणार होता; पुसायला एक बटण पुरे होतं. दिगंबरने बटणावर ठेवलेलं बोट मागे घेतलं. मग त्याने स्टूल पुढे ओढलं.

"ताई, जरा बसा," तो म्हणाला. "मी आत्ता तुमच्याशी खोटं बोललो."